लाल वाटेच्या पाट्या

छिंगशा
सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू बरा असशील. कारखान्यात सणाची सुट्टी मिळाली की नाही ते कळलं नाही. इथे आम्ही दोघं ठीक आहोत.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आबा अजून रोज सकाळी सायकलने पिवळी वाट पुरी करून येतात. ते चूक आहे. लिहिताना मला खरंच तसं वाटत होतं, पण ते वाचून तू निश्चिंत झाला असशील, म्हणून आधी हे खोडते. आबा पिवळ्या वाटेवर जात नाहीत. सोप्या हिरव्या वाटेवरही नाही.

ते सायकल बाहेर काढतात, हेल्मेट बांधतात आणि कोपऱ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत जातात. गुडघा जरा गरम होऊ दे, म्हणतात. बऱ्याच वेळाने परत येतात तेव्हा तोंड लाल झालेलं असतं. मी भाड्याच्या खोल्यांतल्या पाहुण्यांच्या चादरी बदलत असते, मला दिसतं ते एवढंच. पण त्यांची सायकल मी पुसते ना, तर पिवळीवरच्या चहाच्या टेकडीची तांबडी माती चाकांना लागलेलीच नसायची. मला वाटलं, पाऊस नाही म्हणून असेल. मग परवा कोपऱ्यावरच्या कु काकूंच्या गाडीवर नाश्ता आणायला गेले. काकू अंड्याची पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "तुझ्या आबांना मी आता पगार सुरू करणार आहे. रोज सायकल भिंतीला टेकवतात, सोयाबीनचं दूध पितात आणि मला शेंगा सोलून देतात. तेही एका हाताने. मी म्हटलं, दुसरा हात घरी विसरलात का? तर हसले नाहीत."

मीही हसले नाही. पोळ्या घेऊन आले.

आज पौर्णिमा. गल्लीत सगळ्यांनी दुपारपासूनच दारात शेगड्या मांडल्यात, धुराने डोळे चुरचुरतात. समोरच्यांनी काड्यांना लावून भाजलेलं मांस आणून दिलं आणि विचारलं, यंदाही दोघंच का? मी म्हटलं, हो, दोघंच. आमच्या शेगडीला यंदा मी हात लावला नाही. दोघांसाठी कोळसे पेटवायचे म्हणजे कोळशांचीच लाज वाटते. पपनस मात्र आणलं. आई असताना एक पपनस चौघांना पुरत नसे, तुझी-माझी भांडणं व्हायची. आता अर्धं उरतं आणि दुसऱ्या दिवशी सुकून जातं.

तुला वाटेल, ही सणाचं काय लिहीत बसली. खरं आहे. मला वाऱ्याबद्दल लिहायचंय.

वारा शुक्रवारी आला. देवीच्या देवळावरचे झेंडे डोंगराकडून समुद्राकडे ताठ झाले आणि तसेच राहिले. धुतलेल्या चादरी शेजारच्या छपरावर गेल्या. कुणालाही विचार, हा डोंगरावरून कोसळणारा हिवाळी वाराच आहे. आबांना विचारलं तर म्हणाले, उन्हाळ्याची शेवटची झुळूक आहे, दोन दिवसांत पडेल. दादा, ज्या माणसाला सगळं गाव विचारतं की वारा फिरला का, तो माणूस खुर्चीत बसून, केस उडत असताना, ही झुळूक आहे म्हणतो.

का म्हणतो, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. वारा आला असं मान्य केलं तर पाट्या फिरवाव्या लागतील.

तुला आठवत असेलच, पण मी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं मला पटत नाही. झेंडे ताठ झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलींचं दुकान बंद. तिन्ही वाटांवरच्या पाट्या उतरवायच्या, उलट्या करायच्या, पुन्हा कसायच्या. उन्हाळ्यात पाहुणे आधी कड्याच्या रस्त्याने जातात आणि दरीच्या सावलीतून परततात. हिवाळ्यात बाण उलटे, म्हणजे ताजे पाय असताना दरीतला चढ आणि घरी येताना कड्यावर वारा पाठीशी. सगळ्यात अवघड लाल तू, पिवळी आबा, हिरवी मी. शेवटी तिघं देवळापाशी भेटायचो आणि आबा तुला विचारायचे, वर कसा आहे? मला कधी विचारलं नाही. हिरव्या वाटेवर वारा कसा असणार, भाताच्या कडेने असतो तसा.

तू गेल्यावर लाल आणि पिवळी दोन्ही आबाच करायचे. तुम्ही दोघं त्या दिवशी दुकानात जे बोललात त्यात मी पडणार नाही. पाट्या कोण बघतं, सगळं फोनवर टाका, असं तू म्हणालास त्यात तथ्य होतं. फोनला वारा लागत नाही, असं ते म्हणाले त्यातही होतं. मी तेव्हा पंक्चर काढत होते आणि दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.

आता, जे दोन पानं टाळलं ते. कु काकूंकडून आल्यावर मी आबांच्या पुढ्यात चहाचा कप डाव्या बाजूला ठेवला. त्यांनी उजवा हात लांबवून तो उचलला. मी म्हटलं, आबा, डाव्याने उचला ना. ते म्हणाले, झोपेत अवघडलाय. किती दिवस? त्यांनी कप खाली ठेवला. त्याच सकाळी, शनिवारी, दुकान बंद ठेवून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात कधीतरी मेंदूत रक्ताची लहानशी गाठ अडकून गेली असावी. जिवाला आत्ता धोका नाही. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, हात थोडाफार सुधारेल. सायकल नाही. डाव्या हाताने ब्रेक दाबवत नाही, दादा. बस इतकंच. बाकी ते तेच आबा आहेत, परतताना बसच्या ड्रायव्हरला तो वळण कसं चुकीचं घेतो ते सांगत होते.

आणि त्याच शनिवारी, आम्ही दवाखान्यातून येऊन दुकान उघडल्यावर, तैनान शहरातल्या दोन मुली आल्या. चांगल्या तयारीच्या, स्वतःची हेल्मेटं आणलेली. आबांनी नेहमीसारखं त्यांना देवळापर्यंत जाऊन यायला लावलं, कशा थांबतात ते पाहिलं आणि म्हणाले, लाल. पाट्या उन्हाळ्याच्याच होत्या. मी म्हणणार होते. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं नाही.

दुपारी त्या कांद्यावाल्याच्या टेम्पोत बसून परत आल्या. कड्याच्या वळणावर समोरून आलेल्या झोताने एकीला सायकलसकट उचलून घायपातात टाकलं होतं. कोपर सोलपटलं होतं, गालावर काटे ओढल्याच्या रेघा होत्या. ती हसत हसत सांगत होती आणि हसता हसता रडायला लागली. घायपाताच्या जागी कठडा नसलेली बाजू असती तर, हे तिने म्हटलं नाही. आबांनी सगळं ऐकलं आणि आत गेले. त्यांनी दिवा लावला नाही.

शुक्रवारी दहा तारीख. राष्ट्रदिनाची लांब सुट्टी, सगळ्या खोल्या भरल्यात, लाल वाटेसाठी निवृत्त शिक्षकांचा एक मोठा गट येतोय. त्यांना फोन करून येऊ नका म्हणावं, असा विचार केला. पण आपल्याकडे नाही आले तरी ते पाट्या बघूनच जातील. वाट सगळ्यांची आहे आणि पाट्या आपल्या आहेत.

हिरव्या वाटेच्या मी काल फिरवल्या. पिवळीच्या आज सकाळी, बहुतेक चढावर सायकल ढकलत. आबांनी विचारलं नाही कुठे गेले होते. चाकांची तांबडी माती मात्र त्यांनी पाहिली.

लाल राहिली आहे. मी लाल वाटेवर कधीच गेलेली नाही. बारा वर्षांची असताना आबांनी मला देवळापर्यंत जाऊन यायला लावलं, मी थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि ते म्हणाले, पेइ-रोंग हिरवी. त्यानंतर पुन्हा कुणी बघितलंच नाही. मीही नाही. कु काकू अजून मला "ए हिरवे" म्हणून हाक मारतात. मला राग येत नाही. आपण कोण हे कुणीतरी ठरवून दिलं की बरं असतं, निदान मला बरं वाटायचं.

आज पपनस सोलायच्या आधी मी आबांना म्हटलं, माझी पुन्हा परीक्षा घ्या. ते म्हणाले, आज सण आहे. मी म्हटलं, देऊळ सणालाही तिथेच असतं. मग खुर्ची दाराबाहेर आणून ते बसले. मी शेगड्यांमधून वाट काढत देवळापर्यंत गेले आणि वळून आले. येताना वारा समोरून होता. एका पायावर थांबले, दुसरा पॅडलवरच होता, पोटरी थरथरत होती. समोरच्यांची आजी टाळ्या वाजवत म्हणाली, "आता तरी पास कर रे पोरीला." आबांनी माझ्या टेकलेल्या पायाकडे पाहिलं.

"पिवळी," ते म्हणाले.

मला हसूच आलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, सणाचा दिवस होता. पण वाटेच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत, फक्त वाऱ्याच्या बाबतीत बोलले, आणि तेही एकदाच. मग पपनस सोलताना, मी एक टोक धरलं होतं आणि ते एका हाताने साल ओढत होते, तेव्हा सालीकडेच बघत म्हणाले, "कड्यावरच्या पाटीचा बोल्ट गंजलाय. मोठा पाना ने. आणि वळणाच्या आधी उतर, चालत जा. आ-खाईसुद्धा तिथे उतरायचा, मला सांगायचा नाही."

म्हणून तुला विचारते, दादा, खरंच उतरायचास का? मला बरं वाटेल, उतरत असलास तर.

ये, असं मी मागच्या पत्रांत लिहीत होते. आज लिहीत नाही. उद्या हे पत्र टाकलं तरी तुझं उत्तर यायच्या आधी मला जावं लागेल, आणि तू फोन केलास तर आबा शेजारीच असतील, आपण तिघंही "बरं आहे" म्हणू आणि ठेवून देऊ. एवढंच कर की हे पत्र मिळेल त्या दिवशी कारखान्याबाहेर येऊन बघ, तिकडे वारा आहे का.

मी लाल वाटेवर जाईन त्या दिवशी आबा देवळापाशी बसणार आहेत. खुर्ची मी आधीच नेऊन ठेवीन. परत आले की ते विचारतील, वर कसा आहे, आणि या वेळी मला सांगता येईल.

तुझी बहीण,
पेइ-रोंग

ता. क. सगळं लिहिलं आणि जायचा दिवस लिहायचा टाळला. बुधवार, आठ ऑक्टोबर.