बाप होणाऱ्यांचा चित्रवर्ग

२ ऑगस्ट १९७१, सोमवार
पुष्पावतीला काल केडगावला माहेरी पोचवलं. नववा लागलाय. गेल्या वर्षीचं बाळ श्वास न घेताच गेलं. पण त्याचं आता मनावर काही नाही. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. स्वभावच स्थिर.
एका मासिकात वाचलं, परदेशात चित्रं काढायला लावून माणसांची भीती घालवतात. तिसगावात बाप होणारे घाबरट पुष्कळ. मी ड्रॉइंग टीचर. रविवारपासून शाळेत फ्री क्लास.

५ ऑगस्ट
हेडमास्तर आप्पासाहेब म्हणाले, बाळंतपण बायकांचं, चित्रं पोरांची, यात बाप्ये कुठून आले? माणूस चांगला, व्हिजन नाही. खोली मात्र दिली.

८ ऑगस्ट, रविवार
क्लास सुरू. गावातल्या कारभारी नावाच्या एकानं दारातूनच विचारलं, "नसबंदीचं हाय का?" नाही म्हटलं तरी पळाला.
उरले गिरणीवाला सहादेव आणि पुंजाराम शिंपी. मनातली भीती काढा म्हटलं. सहादेवनं बैल काढला. का, तर "मारतो ह्यो." पुंजारामनं कोपऱ्यात बाळंतिणीची एवढीशी बाज काढली आणि रडायलाच लागला. म्हणजे मेथड लागू पडली.
नंतर त्यानं विचारलं, "मास्तर, तुमी काय काढलं?" माझा कागद कोरा. शिकवणाऱ्याला वेळ कुठला?

१२ ऑगस्ट
केडगावचा निरोप नाही. जेवण जात नाही. उकाडा फार. ब्रश चहात बुडवला. फक्त घाईमुळे.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदनानंतर क्लास. एकटा पुंजाराम, तोही गूळ वाटायला. मुलगा झाला. म्हणाला, "रडलो आन् मोकळा झालो. तुमी बी रडून घ्या, मास्तर." त्याला सांगितलं, मला गरज नाही.
रिझल्ट शंभर टक्के.

१८ ऑगस्ट
मेव्हणा मच्छिंद्र सकाळीच आला. कळा सुरू झाल्यात, चला म्हणाला. तू हो पुढं, सगळ्यांची चित्रं लावून ठेवतो आणि येतो, म्हटलं. एकूण चित्रं दोन.
पहिली एस.टी. सोडली, गर्दी होती. दुसरी रिकामी होती, पण पाटीवरचं अक्षर फार वाईट. कलावंताला त्रास होतो. उद्या नक्की.

१९ ऑगस्ट, गुरुवार
केडगाव. काल दुपारीच झालं. मुलगी. दोघी सुखरूप.
मी दारातच विचारलं, श्वास घेतेय ना? सासूबाई राहीबाई हो म्हणाल्या. आत जाऊन पुन्हा विचारलं. पुष्पावती म्हणाली, "रडतीय की. ऐकू येत न्हाई का तुमाला?" येत होतं. मग तिनं विचारलं, "काल कुठं हुता?" क्लास होता म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.
आनंद होईल म्हणून बराच वेळ बसून राहिलो. काहीच वाटलं नाही.
पोरगी झोपली. आवाज थांबला. सासूबाईंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "हात लावून बगा की, जावईबापू. तुमचीच हाय."
अजून लावला नाही.