ऐकण्याचा पेपर

विद्यानगर, हैदराबाद
सोमवार, जून २०१४

आठ दिवस वही उघडली नाही, चुकलंच. लेकीकडे, सुमनकडे, लंडनला कायमचं जायचं तर पुढच्या महिन्यात इंग्रजीची परीक्षा आहे. त्यात ऐकण्याचा पेपर. शिक्षण सातवी, तरी इंग्रजी समजतं. अडचण ती नाही.

शेजारची लता शिकवते. आज तिने रेकॉर्डिंग लावलं आणि मी मोबाईलकडे टक लावून बसलो.

"काका, त्याच्याकडं काय बघायलात? त्याला तोंड हाय का?"

मीही हसलो. तिला काय सांगू? दोन वर्षं मी लोकांची तोंडं बघूनच ऐकतोय. नव्या राज्याचे फटाके तेवढे ऐकू आले.

मोबाईलला तोंड नाही.

सुमनला उद्या लिहावंच: बहिरा बाप चालेल का, लवकर कळव. फोन नको, पत्र टाक.