मीठ माझ्या हातचं

१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या थोरल्या दिरांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे, फक्त आता उजव्याऐवजी डावा. कारखान्याच्या कँटीनमध्ये नवी पातेली आली, झाकणं मात्र जुनीच, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

तू बिऱ्हाड हलवलंस त्या दिवशी दारात एवढंच म्हणालीस, "ताई, एकदा तोंड दाखवा कुणाला तरी." तुझी नोकरी गेलेली आणि काळजी माझ्या तोंडाची. महिनाभर टाळलं, मग दाखवलं. जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग होते. मला वाटलं होतं, हे दुसरंच काही असणार. त्या आजाराचं नाव मी मनातसुद्धा घेत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी काडीनं खरवडून पाहिलं. "मावशी, बुरशी आहे ही."

"पावावर येते ती?"

"तिच्याच गोतातली. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरता का?"

नव्हते भरत. पंपाचं औषध तोंडात राहिलं की बुरशीचं फावतं, हे मला पूर्वीच सांगितलेलं. पण मी पंप घ्यायचे कँटीनच्या कोठीत, पोत्यांच्या आड, आणि तिथून तडक शेगडीपुढे. नळावर गेले असते तर चारजणींनी विचारलं असतं. मुख्य स्वयंपाकीणबाईला दमा आहे हे कळलं तर जागा जाईल, अशी भीती होती.

थेंब दिले. दिवसातून चारदा तोंडात घोळवायचे. नवव्या दिवशी सकाळी चहा गोड लागला आणि मी कप हातात धरून रडले. तुझ्या दिरांनी साखर जास्तच घातली होती, तरी सगळा प्याले. तू म्हणाली नसतीस तर मी गेलेच नसते. तुझे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तीन महिने कँटीनमध्ये तू माझी जीभ होतीस. मी पळी पुढे करायचे, तू चाखायचीस. एकदा खोकलीस तर मीठ कमी, दोनदा खोकलीस तर बास. ताईला चव का कळत नाही, हे एका शब्दानं विचारलं नाहीस. मग एक दिवस तू पीठ आणायला गेलीस आणि मला धीर धरवला नाही. एकदा घातलेलं मीठ मी पुन्हा घातलं. तीनशे ताटं परत आली. मॅनेजरांनी विचारलं तेव्हा तू "माझ्याकडून झालं" म्हणालीस आणि मी पळी पुसत गप्प राहिले. तुला उद्यापासून येऊ नका म्हणाले, तरी गप्पच.

काल मॅनेजरांपुढे सगळं ओकले. पंप, डाग, मीठ, सगळं. ते म्हणाले, "मग इतके दिवस चव कोण घेत होतं?" मी तुझं नाव घेतलं. "म्हणजे स्वयंपाक त्यांचाच होता की." मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, हो म्हणणं जिवावर आलं.

सोमवारपासून मी भाज्या चिरायला. मुख्य जागेवर तुला बोलवायला त्यांनी सांगितलंय. यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. आलीस तर मला हुकूम सोडताना लाजू नकोस. तिरसट आहे मी, पण ऐकेन.

घरीही सांगितलं. सासूबाई इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला धाकटीचा हात खारट म्हणून ऐकवत होत्या आणि मी ऐकून घेत होते. काल जेवताना त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग एवढंच म्हणाल्या, "आणि तू तिला जाऊ दिलंस?"

त्यांना "हो" म्हणाले. तुलाही तेच लिहिते, जाऊ दिलं. भाऊजींना हे पत्र वाचून दाखव, एकही ओळ न गाळता.

तू वाचवलेली आणि तुला न वाचवलेली,
तुझी थोरली जाऊ