मॅटाडोरपायी दिलेला शब्द

मी, सुनिता धोंडी ठोंबरे, वय एकसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार साजगाव, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, माझ्या पश्चात कोणाला काय द्यायचे ते माझ्याच हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या डोक्याबद्दल ज्यांना पहिल्यापासून शंका आहे त्यांनी, म्हणजे माझे धाकटे दीर किशोर यांनी, तो आधी वाचावा. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. या वयात मला फूस लावायला कोण येणार?

लिहिण्याचे कारण एवढेच की पुढच्या महिन्यात पनवेलला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधे आहे. साधे असते तर इतक्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या असत्या? मला भीती मात्र वाटत नाही. खरे तर यजमान गेल्यापासून मला फारसे काही वाटतच नाही. हातपाय चालतात, तोंड तर चालतेच, पण आत सगळे बधीर आहे. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो, तसे. ही तक्रार नव्हे. मृत्युपत्रात खरे लिहावे, म्हणून लिहिले.

कलम १. राहते घर, मागची पडवी आणि परसातली विहीर माझी एकुलती एक मुलगी सुरभी हिला. विहिरीवर जाळी टाकून घ्यावी, हे मी तीन उन्हाळे सांगते आहे.

कलम २. ऑपरेशनमधून बँकेत जे उरेल ते सुरभीला. बोरमाळही तिलाच. माझ्या पाटल्या कोणी शोधू नयेत. त्यांचा आता पत्रा झालेला आहे आणि तो पडवीत उभा आहे. लुगडी-साड्यांपैकी हव्या त्या सुरभीने आधी निवडून घ्याव्यात. माझ्या जावेने नंतर.

कलम ३. आता गाडी. निळ्या रंगाची मॅटाडोर पिकअप, माझ्या नावावर, आजच्या तारखेला चालू.

ही गाडी यजमानांनी आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घेतली, आणि तीही जुनी. तिच्यातून खोपोलीच्या बाजारात भाजी जायची, गिरणीवर भात जायचे, लोकांच्या वराती जायच्या, आणि साजगावच्या जत्रेला अलिबागकडून सुके बोंबील यायचे. आज इतका रंग देऊनही हवा दमट झाली की गाडीला बोंबलाचा वास येतो. रंगारी म्हणाला, हा वास रंगाच्या बापाला ऐकणार नाही.

या गाडीचे इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली असते. त्या आचेने यजमानांची डावी पोटरी कायम काळवंडलेली. घरी आले की मी तिला खोबरेल लावायचे. पुढच्या दुसऱ्या सीटवर आधी सासूबाई बसायच्या. बाईमाणूस पुढे बसले की गाडीला नजर लागते, असे त्या पुढे बसून मला सांगायच्या. त्या गेल्यावर तिथे यजमानांचे मित्र कमळाकर भोईर, गावाचा कमळ्या, बसू लागले. मी आपली मागे हौद्यात, स्टेपनीवर, भाजीच्या पाट्या धरून. पावसात डोक्यावर प्लॅस्टिक. अख्खा संसार मी या गाडीत मागे तोंड करून पाहिला आहे. रस्ता नेहमी निघून जाताना दिसला, येताना कधी दिसला नाही.

पुढे इंजिनाचे हेड फुटले आणि गाडी पडवीत बसली ती बसलीच. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. यजमान दर दसऱ्याला तिला पुसायचे, झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे आणि म्हणायचे, "यंदा करतोच चालू." मेलेल्या गाडीची एवढी सरबराई. मी चार दिवस तापाने फणफणले तेव्हा विचारले ते एवढेच की, "चाय कोन करनार?"

शेवटी मीच खोपोलीच्या भंगारवाल्याशी सौदा ठरवला. सोमवारी तो गाडी न्यायला येणार होता. रविवारी दुपारी पाने वाढून मी हाक मारली, "आवो, जेवाया चला." आले नाहीत. परत हाक मारली. मग पडवीत जाऊन पाहिले, तर ते गाडीच्या सीटवर बसले होते, हात स्टेअरिंगवर. मला वाटले, सौद्याचा राग धरून बसलेत. खांद्याला हात लावला तेव्हा कळले.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, नंतर रडेल. त्यांना सांगायचे राहून गेले, ते नंतर अजून आलेले नाही.

कलम ४. दहाव्याच्या दिवशी पाताळगंगेच्या घाटावर जे झाले ते इथे लिहिते, कारण पुढची सगळी कलमे त्यावर उभी आहेत.

आम्हाला मुलगा नाही म्हणून पिंड किशोर यांनी ठेवले. समोरच्या उंबरावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढू लागले. गुरुजी म्हणाले, मागे काही राहिले असेल तर बोला. मग आपल्याकडे होते तसे सुरू झाले. किशोर पुढे झाले आणि सगळ्या भावकीदेखत म्हणाले, "दादा, बांधाची जागा वयनीला सोडली रं. आता शिव." कावळा हलला नाही. मग सुरभी पुढे आली. म्हणाली, "पप्पा, मी आईला सोडून कुटं जानार नाय." कावळ्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चोच फांदीला घासली.

तेव्हा माझे टाळके सरकले. मी पिंडासमोर जाऊन ओरडले, "आवो, मंग ती गाडीच पायजे ना तुमाला? नाय देत भंगारात. चालू करते. आता तरी जेवा!"

आणि कावळा आला. एक नाही, तीन आले. पान साफ केले.

मी ओरडले म्हणून माणसे दचकून मागे सरली, जागा मोकळी झाली, म्हणून कावळे उतरले, असेही असेल. पण गावाने जे पाहिले ते पाहिले. लोकांनी हात जोडले, "जीव गाडीत अडकलावता." सगळ्यांना हायसे वाटले. मला अपमान वाटला. बायको नाही, पोटची पोर नाही, गाडी! तो राग मला अजून आहे. बधीर माणसाला राग कसा येतो, हे डॉक्टरांना विचारायला हवे.

कलम ५. बांध. कावळा न शिवल्यामुळे किशोर यांनी आपला शब्द दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. "कावल्यानंच घेतला नाय वयनी, तर माजा काय दोष?" हे त्यांचे बोलणे माझी अंगणवाडीतली मदतनीस हर्षला हिने ऐकले आहे. तर त्यांनी नांगरून आपल्या शेतात घेतलेली ती बांधाची पट्टी मी या कलमान्वये त्यांना राजीखुशीने देते. सुरभीने त्यावरून कोर्टकचेरी करू नये. यापुढे त्या पट्टीतला भात खाताना तो वहिनीने दिलेला आहे हे त्यांच्या लक्षात राहावे, एवढीच अट. बांधावरचा आंबा मात्र सुरभीचा आणि त्याचा एकही आंबा दिलेला नाही.

कलम ६. दिलेला शब्द मी पुरा केला आहे, याची नोंद व्हावी.

गाडी पडवीतच उघडली. कॅबिनच्या तळाला हात लावला तर पत्रा पापडासारखा मोडला. खालची शेणाने सारवलेली जमीन दिसत होती. पाटल्या मोडून नवा पत्रा आला. कमळाकर यांनी वेल्डिंग केले, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरे हेड शोधून आणले. मी सकाळी अंगणवाडी करायचे आणि आल्यावर पॉलिश पेपर घेऊन गंज घासायचे. दारे, फाळका, बॉनेटची पट्टी, सगळे मी घासले आहे. लोक म्हणायचे, नवऱ्यावर केवढा जीव! मी नवा पेपर घ्यायचे. घासताना डोक्यात काही येत नसे, तेवढे बरे वाटायचे. गंज निघतो की नाही एवढेच बघायचे.

मूळ गाडीत नव्हत्या अशा दोन गोष्टी मी करून घेतल्या. हौद्यात चढायला लोखंडी पायरी, आणि हौद्यात पाठ टेकून बसता येईल अशी दोन गादीची बाकडी. कमळाकर म्हणाले, "वयनी, पिकअपमदी बाकडी कोन लावतं?" मी म्हणाले, "जी स्टेपनीवर बसली ती लावते." आरटीओला बाकडी चालत नाहीत, म्हणून ती नटबोल्टवर बसवली आहेत. पासिंगला नेताना काढावीत, आल्यावर लावावीत. साहेबांच्या हाती हे मृत्युपत्र पडले तर माझे मरण झालेले असेल, तेव्हा त्यांनी दंड कोणाला करायचा ते बघावे.

गाडी चालू झाली त्या दिवशी पडवी धुराने भरली. कमळाकर पंच्यात तोंड खुपसून रडले. सुरभीने टाळ्या वाजवल्या. मला काही वाटले नाही. लायसन मी आधीच काढले होते. मी स्टेअरिंगवर बसले आणि कमळाकरना म्हटले, बसा पुढे. तर म्हणाले, "नको. आता तुमी डायवर, माजी जागा मागं," आणि बाकड्यावर जाऊन बसले.

खालापूरच्या अलीकडे माझ्या डाव्या पोटरीला ऊब लागली. इंजिनाची. आधी कळलेच नाही काय ते. मग कळले. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले. मागून कमळाकर ओरडले, "वयनी, काय झाला?" मी म्हटले, "काय नाय. बसा गप."

यजमान गेल्यापासून मला काही जाणवले असेल तर ती ऊब. नंतर पुन्हा बधीर.

कलम ७. यजमानांचे पाने, जॅक, हातोड्या, ग्रीसचा पंप हे सगळे कमळाकर भोईर यांना. गाडी कधी विकली तर पुढची दुसरी सीट आधी काढून घ्यावी आणि त्यांच्या ओटीवर नेऊन द्यावी. एवढी वर्षे बसले, ती त्यांचीच आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून त्यांना साक्षीला घेतलेले नाही. त्यावरून ते रुसले आहेत. सीट मिळाल्यावर रुसवा जाईल.

कलम ८. मॅटाडोर पिकअप मी सुरभीला देते, पूर्ण हक्काने. तिने चालवावी, कोणाला द्यावी, विकावी. कर्जतचा तो फार्महाऊसवाला लग्नाच्या लॉनवर गाडी उभी करून तिच्यात सरबताचे ग्लास मांडणार म्हणतो, त्यालाही विकता येईल. वाटल्यास भंगारात द्यावी. शब्द मी दिला होता आणि मी तो पाळला. घर वारसाला जाते, शेत जाते. शब्द जात नाही.

कलम ९. सुरभी, हे कलम फक्त तुझ्यासाठी. तू नोकरी करतेस त्या कंपनीने तुला दोनदा वापीच्या कारखान्यात मोठ्या जागेवर बोलावले. दोन्ही वेळा तू नाही म्हणालीस आणि मला सांगितलेस, "मला इथंच बरं वाटतं गं." खरे कारण ते नव्हे हे मला कळत होते, कारण तू घाटावर काय बोललीस ते मी ऐकले होते. तुला वाटते मला आठवत नसेल.

आता नीट वाच. तुझ्या शब्दाला कावळा आला नव्हता. तुझ्या काकाचाही घेतला नाही आणि तो दुसऱ्या दिवशी सुटला. तू का अडकून बसलीस? तुझ्या पप्पांना तुझ्याकडून काही नको होते. मला वाटायचे, त्यांना तुझी पर्वा नव्हती म्हणून. गाडी घासता घासता वेगळे वाटू लागले. पोरीला बांधून ठेवणारा घास त्यांना गिळवला नसेल. गाडी मागितली, कारण गाडी माझ्यावर टाकता येत होती. खरे काय ते मला माहीत नाही. पण मी हेच धरून चालते, आणि तूही धर.

राहायचे असेल तर मर्जीने राहा. पिंडाच्या धाकाने राहू नकोस. हे मी तुला तोंडावर सांगायला हवे होते. ऑपरेशनमधून उठले तर सांगेन म्हणते, पण मी मला ओळखते. चहा झाला का, एवढेच विचारेन.

कलम १०. माझा दहावा. घाट तोच चालेल. पिंड सुरभीने ठेवावेत. भावकीला आवडणार नाही, मला चालेल. गुरुजींनी "काही राहिले असेल तर बोला" असे म्हटले तरी कोणी काही बोलू नये. किशोर यांनी तर मुळीच नाही. सुरभीने हात जोडावेत आणि गप्प उभे राहावे. मला काही कबूल करू नये, काही सोडू नये, काही धरू नये.

कावळा आला तर उत्तम. नाही आला तर आईला भूक नव्हती असे समजावे, दर्भाचा कावळा शिववावा, आणि सगळ्यांनी घरी येऊन गरम गरम जेवून घ्यावे. माझी वाट बघू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द खोडायचा नाही असे ठरवून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: खालापूर
दिनांक: २१ ऑक्टोबर २०२४

सही: सुनिता धोंडी ठोंबरे

साक्षीदार:
१. हर्षला अनंत पारठे, अंगणवाडी मदतनीस, साजगाव
२. चिमा राघो पारधी, शेजारी, साजगाव ठाकूरवाडी (डाव्या हाताचा अंगठा)