क्षेमराज रडणार नाही

मी, नलिनी बाबाजी दिवेकर ऊर्फ नलू, वय वर्षे सदुसष्ट, अविवाहित, धंदा कार्टून मालिकांचे लेखन, राहणार मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तसे नाही, असे माझा भाऊ अंबाजी नक्की म्हणेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव कसा असतो ते मला चांगले ठाऊक आहे. तो आंब्यांची पेटी घेऊन दारात येतो आणि आधी तब्येत विचारतो.

१. माझे दोन खोल्यांचे घर मी माझ्या कमाईतून बांधले आहे. ते, आतील भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक यांसह, माझा भाचा, म्हणजे अंबाजीचा मुलगा विनेश, याची मुलगी राही हिला द्यावे. पडवीच्या कौलांवर माकडे येतात, त्यांची सोय तिने आपली आपण पाहावी.

२. लिहिण्याचे टेबल नगरपरिषदेच्या शाळेला द्यावे. तिथल्या मुलांना खलनायक काढा म्हटले की ती शिंगे आणि सुळे काढतात. मुलांचे ठीक आहे, ती लहान आहेत. निर्माता धनेश पन्नाशीचा झाला तरी तेच काढतो.

३. याच धनेशने मालिकेच्या पहिल्या वर्षी मला खलनायकाच्या हसण्याचे सात नमुने एका पेन ड्राइव्हवर पाठवले होते. तो पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे. त्याला परत करावा. जो माणूस जिंकतो आहे तो कशाला गडगडाट करील? तो चहा मागवतो. एवढी साधी गोष्ट या गृहस्थाला पंधरा वर्षांत समजली नाही, आणि हा म्हणे मुलांसाठी भविष्यकाळ तयार करतो.

४. आता मुख्य गोष्ट. ‘नवव्या चंद्राची फेरी’ ही मालिका माझी आहे. नऊ चंद्रांवरची माणसे एकाच टाकीतली हवा वाटून घेतात, प्रत्येकाचा त्यात जन्मापासून हिस्सा. क्षेमराज नावाचा गृहस्थ फेरीबोटीतून चंद्राचंद्रावर जातो, खाऊ नेतो, ख्यालीखुशाली विचारतो, आणि माणसांकडून हवेवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या घेतो. कोणाला मारत नाही. आवाज चढवत नाही. दिलेला शब्द पाळतो. निघताना दारात वळून एकच शब्द बोलतो, “येतो.”

आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. ‘येतो’ म्हणायचे, ही घरोघरची रीत. धनेशला तो शब्द फिका वाटला. त्याने तिथे “मी परत येईन!” असे घातले, वर वीज कडाडवली. मी तो भाग अडवून धरला. ज्या शब्दाने पाहुणा आपला निरोप घेतो त्याच शब्दाने पोरांच्या अंगावर काटा आला पाहिजे, हे त्या वातानुकूलित खोलीतल्या एकाही शहाण्याला कळले नाही.

क्षेमराज मी अंबाजीवरून घेतला. आता लिहूनच ठेवते. आई गेली त्या वर्षी अंबाजी आंबे घेऊन आला. म्हणाला, “तायडे, कशी हायस? सुकलीस गं. हितं जरा सही कर. बहिनी करतातच. म्हायेर तुटाया नको.” मी वाचले नाही. सख्ख्या भावासमोर कागद वाचायला मला लाज वाटली. नारळाच्या वाडीतला माझा हिस्सा असा गेला. मला पोपटी साडी मिळाली, आणि दारातून तो म्हणाला, “येतो हां.” त्याला आपण काही वाईट केले असे त्या दिवशी वाटले नाही, आजही वाटत नाही. खलनायकाची ताकद तीच. ती तलवारीत नसते.

अंबाजी मालिकेचा एकही भाग चुकवत नाही. क्षेमराज बोलू लागला की मान डोलावतो. “ह्यो मानूस बराबर बोलतो बग,” म्हणतो. पंधरा वर्षांत त्याने स्वतःला ओळखले नाही. मला आधी राग यायचा, आता हसू येते. ओळखले फक्त राहीने. ती नऊ वर्षांची होती. पहिला भाग पाहिला, आणि आजोबा “येतो हां” म्हणून उठताच ती माझ्या टेबलाखाली शिरली. म्हणाली, “नलूआजी, ह्यांना सांग, नका येऊ.”

५. यंदा मालिका संपते आहे. शेवटच्या भागात क्षेमराजाने रडावे, माफी मागावी, असे धनेशच्या मनात आहे. लहानपणी त्याची आई उल्कापातात गेली होती, म्हणून तो असा झाला म्हणे. आई आमचीही गेली. मी गोष्टी लिहू लागले, अंबाजी सातबारा काढायला गेला. दुःख दोघांना सारखेच होते.

करारात मी एकच कलम हट्टाने घालून घेतले आहे. क्षेमराजाचा स्वभाव किंवा शेवट बदलायचा तर माझी लेखी संमती हवी, माझ्यामागे माझ्या वारसाची. मी मृत्युपत्र न करता गेले तर कायद्याने वारस अंबाजी. तो चहा थंड होण्याआधी सही करून देईल. गेल्या महिन्यात विनेश आला होता. तो धनेशच्याच कचेरीत मॅनेजर आहे. कोलंबी आणली, गुडघे कसे आहेत विचारले, मग पिशवीतून संमतीपत्र काढले. म्हणाला, “आत्या, फक्त सही. सगळे लेखक करतात.” मी कोलंबी ठेवून घेतली आणि त्याला वाटेला लावले.

म्हणून क्षेमराजाबाबतचे माझे सर्व हक्क, संमती देण्याच्या व नाकारण्याच्या अधिकारासह, एकट्या राहीला देते. ती उरणला बंदराच्या कचेरीत कामाला आहे. कागद अपुरा असेल तर मोठमोठ्या माणसांना हसतमुखाने परत पाठवते. बापाकडून कोलंबी आली तर तिने खावी. कागद आला तर वाचावा. आणि नाही म्हणावे.

६. पोपटी साडी कपाटात वरच्या फळीवर आहे. घडी मोडलेली नाही. ती अंबाजीला द्यावी. त्याने कारण विचारल्यास सांगू नये, मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहायला सांगावे.

७. माझ्यामागे क्षेमराज शेवटच्या भागातही दारात वळेल आणि आपला शब्द बोलेल. कोरड्या डोळ्यांनी. तो शब्द मी त्याला दिला आहे, म्हणून मी तो वापरणार नाही. मी जाते.

साक्षीदारांना सर्व मजकूर वाचून दाखवला. मनुबाई म्हणाली, “तो रडला तं मंग भ्यायाचं कोनाला?” धनेशने तिला नोकरीवर ठेवायला हवे होते.

ठिकाण: मुरुड
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. शहनाज मुकादम, निवृत्त शिक्षिका, राहणार मुरुड (सही)
२. मनुबाई, मासळी विक्री, राहणार मुरुड कोळीवाडा (सही, अंगठा चालेल म्हटले तर रागावली)

लिहून ठेवणार:
नलिनी बाबाजी दिवेकर (सही, या खेपेस वाचून केलेली)