रेडिओने गाळलेलं नाव

सावाई बेट,
१९ एप्रिल, रविवार

प्रिय ताई,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे ऑकलंडला तू, मुलं, नातवंडं सुखरूप असाल. चर्च झालं, जेवणं झाली, घर झोपलंय. तुझ्या भावजयीने, लुईसाने, आज अळूच्या पानांच्या पालुसामीत नारळाचं दूध अंमळ जास्तच घातलं. तू असतीस तर तिला बोलली असतीस.

तुझ्या वकिलाचे कागद पोचले. त्यांच्याकडे वळतोच, पण आधी दुसरं सांगतो.

संसदेची निवडणूक हरल्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त शेजारच्या गावाचं झालं. तिथल्या मुलांना मी इतकी वर्षं रविवारी बायबल शिकवतो. त्यांच्या गावच्या मतपेटीतून मला जवळजवळ काहीच मिळालं नाही. वाटलं, या माणसांनी माझ्यात काहीतरी खोट पाहिली असणार. प्रार्थनेला बसलो तरी तेच मनात. तिकडून जाताना मान खाली घालायचो.

गेल्या आठवड्यात तिथल्या आपाउला आजीने मला वाटेत अडवलं.

"काय रे, आता तुला हाक काय मारायची?"

"रोज मारता तीच."

"ती कशी? तुमच्या गावसभेने तुझं मानाचं नाव काढून घेतलं ना? काय केलंस एवढं? कुणाची बायको पळवलीस?"

"कोण म्हणालं असं?"

"रेडिओ! रोज संध्याकाळी. तुझ्याविरुद्ध उभा होता, त्याचं मानाचं नाव घेऊन सांगायचे, 'माटाफेओ तावीता यांनी रस्त्याचं वचन दिलं, पेनीने टीका केली.' नुसता पेनी, पुढे 'तागाफोए' नाही! जसा काही नारळ सोलायला बोलावलेला पोरगा. आम्ही म्हटलं, गेलं याचं नाव. आणि मानाचं नाव नसलेल्याला निवडणुकीला उभंच राहता येत नाही, मग मत फुकट का घालवा? तुला विचारायचीसुद्धा लाज वाटली रे."

ताई, मी भर रस्त्यात हसायला लागलो. आजी घाबरली. माझ्या छातीवरचा दगड उतरला होता, तो तिला कसा दिसणार? माणसांनी मला टाकलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, मीच संकटात आहे.

सभेत आपल्या गावाच्या वतीने बोलणारे वक्ते फोनोती यांना हे सांगितलं, तर त्यांना हसू आलं नाही. मला घेऊन ते बोटीने राजधानीत, आपियाला गेले, थेट त्या रेडिओच्या कचेरीत. व्यवस्थापक नम्र होता.

"काका, बातमी लांबते म्हणून मानाची नावं गाळतो आम्ही."

"तावीताची बातमी लांबली नाही का रे?" फोनोतींनी विचारलं. "त्याचं नाव तर आजोबा-पणजोबांसकट वाचत होतात. तो तुम्हाला जाहिराती देतो, मग बातमी वाचायला श्वासही तोच पुरवतो वाटतं?"

आम्ही उठलो नाही. शेवटी त्याच संध्याकाळी बातम्यांत त्यांनी सांगितलं की तागाफोए पेनी यांचं नाव कधीच काढलेलं नव्हतं, चूक आमची. परवा आपाउला आजीच्या गावाने टोपलीभर तारोचे कंद पाठवले. घेऊन आलेली माणसं आत येऊन बसली, कोको प्यायली, आणि कुणीही निवडणुकीचा शब्द काढला नाही.

आता कागद.

तू म्हणतेस, कोर्टात जा, जागा तुझी आहे. कदाचित असेलही. ती मतं तावीताने चोरली नाहीत, पण त्याच्या बाजूने वाजणाऱ्या रेडिओने माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत, हे खरं. ते मी सोडलेलं नाही. निवडणूक कचेरीत रेडिओविरुद्ध तक्रार दिली आहे, फोनोतींच्या सहीसकट. पुढे उभा राहील त्याचं नाव असं गाळलं जाऊ नये.

पण जागेसाठी मी सही करणार नाही.

तूच फोनवर म्हणाली होतीस, "बाबांचं मानाचं नाव तुला मिळालंय ते काय नुसतं सभेत बसून आवा प्यायला?" मी गप्प बसलो आणि तू ते हो समजलीस. आपल्याकडे भावाने बहिणीला नाही म्हणायचं नसतं. म्हणून उभा राहिलो. निकालाच्या दिवशी सगळे माझं सांत्वन करत होते आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. त्या वाटण्याची इतकी शरम वाटली, की देवापुढेही ते नीट बोलता आलं नाही. आज तुझ्यापुढे बोलतोय. मला आपिया नको, ताई. मला हे गाव, ती रविवारची पोरं आणि हे तारोचं शेत पुरतं.

माझी सुटका झाली म्हणून रेडिओने केलं ते बरोबर ठरत नाही, हे मला कळतं. आणि तुझ्या मनातलं बाबांच्या नावाचं स्वप्न मी मोडतोय, हेही. रागावलीस तर तो राग माझ्या माथी. गावभर मला काय बोलायचं ते बोल, पण ख्रिसमसला येणं रद्द करू नकोस.

तुझ्या शब्दाबाहेर आज पहिल्यांदाच गेलेला,
आणि त्यामुळे आज रात्री शांत झोपणारा,
तुझा धाकटा भाऊ