चटईच्या कारखान्यातली माय

जळगाव,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय माय,

पाया पडते. इकडे सगळे बरे आहेत. दोंडाईच्याला थंडी वाढली असेल, सकाळी कान बांधत जा. लोटनमामाचा खोकला बसला का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

माझा बादल वर्गात एका जागी बसत नाही म्हणून आपण त्याला डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या जन्माच्या वेळचंही विचारलं. तू सांगितलंस, मी पोटात असताना चटईच्या कारखान्यात होतीस, वितळलेल्या प्लास्टिकचा वास दिवसभर नाकात. त्या म्हणाल्या, प्लास्टिकमधल्या काही रसायनांचा परिणाम उंदरांच्या नातवंडांच्या वागण्यापर्यंत दिसलाय. माणसांचं अजून खात्रीनं सांगता येत नाही. हे शेवटचं तू ऐकलंच नाहीस. रिक्षात एवढंच बोललीस, "हाई मनामुये व्हयनं का, ज्योती?" आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून मामाकडे निघून गेलीस.

तुझ्यामुळे नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मीही घाबरले होते.

परवा एकटीच पुन्हा गेले. बाई म्हणाल्या, "एकेका मुलाचं कारण असं बोट ठेवून दाखवता येत नाही. आईंना सांगा, त्यांचा काही दोष नाही."

माय, मी पोटात असताना बाबा गेले. तू त्या वासात उभी राहिलीस म्हणून आपण जगलो, मी नर्स झाले. त्यात काय असतं हे तुला कोण सांगणार होतं? मला तुझा राग येत नाही. तुझ्याकडे बघून ऊर भरून येतो.

तू भाकरी थापताना बादलला पिठाचा गोळा द्यायचीस, आता मी देते. तेवढा वेळ तो जागचा हलत नाही. काल त्याची भाकरी न फाटता तव्यावर पडली. तुला दाखवायची म्हणून ओरडला, "आजीले दखाड!"

एक गोष्ट मघापासून राहतेय. मला दिवस गेले आहेत. यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. गरम काही आता प्लास्टिकच्या डब्यात ठेवत नाही. तरी भीती वाटतेच. तू घरात असलीस की कमी वाटेल.

पुढच्या रविवारी आम्ही तुला घ्यायला येतोय. नाही म्हणू नकोस.

पुन्हा तुझ्याच पोटी यायला तयार असलेली,
ज्योती